पर्– (अतिशयार्थक उपसर्ग)

लॅटिनमधून इंग्रजीत आलेला, विशेषणाचा अर्थ तीव्र करणारा उपसर्ग. मूळ अर्थ ‘आरपार’. त्यावरून ‘पुरता’ आणि मग ‘फार’, अशी अर्थाची वाट सामान्यतः मानली जाते. ग्रीक ‘पेरि’ व संस्कृत ‘परि’ हे याचे सगोत्र. होमरचा ‘पेरिकल्लेस’ (अतिसुंदर) आणि आपल्याकडील परिपक्व, परिपूर्ण ही रूपे पाहता, अतिशयार्थ लॅटिनपूर्व असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

लॅटिनमध्ये हा उपसर्ग सैलसर चिकटलेला होता. रोमन वक्ता सिसेरो याने एका पत्रात तो ‘ग्रातुम’पासून (आवडते) तोडून ‘पेर मिही, पेर, इन्क्वाम, ग्रातुम’ असा दोनदा उच्चारला आहे. मराठीत ‘फार, अगदी फार’ म्हणावे तसा.

इंग्रजीतील सर्वांत चर्चिलेले उदाहरण ‘पर्फर्व्हिड’ (अतिउत्कट, भडक आवेशाचा). हा शब्द एकोणिसाव्या शतकातला. अभिजात लॅटिनमध्ये ‘पेरफेर्विदुस’ आढळत नाही. तेथे आहे तो ‘प्रेफेर्विदुस’. स्कॉटिश इतिहासकार जॉर्ज ब्यूकॅनन याने 1582 च्या इतिहासग्रंथात स्कॉट लोकांच्या तापट स्वभावाला हेच दुसरे विशेषण लावले होते. पुढे ते वचन तोंडी फिरताना ‘प्रे’चा ‘पेर’ झाला आणि त्या चुकीच्या अवतरणातून इंग्रजी शब्द निघाला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. शुद्धतेच्या आग्रहाने काहींनी ‘प्रिफर्व्हिड’ही लिहिले, पण चूकच टिकली.

‘पर्ड्युरेबल’ (चिरस्थायी) चौदाव्या शतकात, इंग्रज कवी चॉसरच्या लेखनात मिळतो. शेक्सपिअरनेही तो वापरला. ‘पेल्युसिड’मध्ये (नितळ) ‘पर्’चा ‘र’ पुढच्या ‘ल’मध्ये मिसळला आहे; तेथे अर्थ अतिशयाचा नसून ‘आरपार’ हाच धरावा.

रसायनशास्त्रात टॉमस टॉमसन याने 1804 मध्ये सर्वाधिक ऑक्सिजनयुक्त ऑक्साइडसाठी ‘पेरॉक्साइड’ सुचवले. विहिरीत टाकतात त्या जांभळ्या परमँगनेटमध्येही उपसर्ग हाच असून, तेथे मँगनीज आपल्या सर्वोच्च ऑक्सिडीकरण अवस्थेत (+7) असते.

पशुवैद्यकात ‘पेरअक्यूट’ म्हणजे तीव्राहून तीव्र, हा शब्द रोजच्या वापरातला आहे. फाशी (अँथ्रॅक्स) रोगाच्या या प्रकारात गाय-मेंढी बहुधा लक्षणे ध्यानात येण्यापूर्वीच दगावते.