२३० व्होल्ट ही सरासरी नव्हे

इंदूरला महाराणी रोडवरच्या दुकानांपासून मराठी घरांतल्या दहावी-बारावीच्या शिकवण्यांपर्यंत एक हिशेब वर्षानुवर्षं चालत आलाय: "घरात येणारे २३० व्होल्ट म्हणजे सरासरी, १.४१४ ने गुणा, कमाल व्होल्टेज मिळेल." उत्तर ३२५ येतं आणि ते बरोबरच असतं. म्हणून तर चूक कुणाला दिसत नाही.

२३० हा आरएमएस (रूट मीन स्क्वेअर) आकडा आहे. प्रत्येक क्षणाच्या व्होल्टेजचा वर्ग करायचा, त्या वर्गांची सरासरी काढायची, मग तिचं वर्गमूळ. गीझर २३० व्होल्ट डीसीवर, म्हणजे एकाच दिशेच्या स्थिर विजेवर जेवढा तापेल, तेवढाच घरच्या या एसीवर, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या विजेवर तापतो.

साधी सरासरी पूर्ण आवर्तनात (लहरीच्या एका पूर्ण फेरीत) शून्य येते. जेवढं वर, तेवढंच खाली. म्हणून अर्ध्या आवर्तनाची घेतात. ती कमाल व्होल्टेजच्या ०.६३७ पट, म्हणजे सुमारे २०७ व्होल्ट. सरासरीवरून कमाल काढायचा गुणक १.५७, म्हणजे π (३.१४) च्या निम्मा. २०७ ला १.४१४ ने गुणलंत तर २९३ येतील. बत्तीस व्होल्टचा घोळ! कपॅसिटरला कमाल व्होल्टेज सोसावं लागतं, म्हणून तो निवडताना हा घोळ महागात पडतो.

त्यात स्वस्त मीटर भर घालतात. बरेचसे मोजतात सरासरीच, पण तिला १.११ ने गुणून आरएमएस म्हणून दाखवतात. साइन लहरीवर, म्हणजे घरच्या विजेच्या नागमोडी लहरीवर, हे खपून जातं. चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर मात्र सरासरी, आरएमएस आणि कमाल तिन्ही सारखेच. तिथे असा मीटर ११ टक्के जास्त दाखवतो आणि लोक उगाच इन्व्हर्टरवाल्याशी भांडतात. तिथे 'ट्रू आरएमएस' (खरा आरएमएस मोजणारा) लिहिलेलाच मीटर लावा.