स्टिरिओचे स्पीकर आणि होम थिएटरचे स्पीकर, फरक नक्की कुठे असतो?

कोथरूडला मेव्हण्याकडे सासऱ्यांचे जुने स्पीकर आहेत, कमरेला लागतील एवढी लाकडी खोकी, 8 इंची वूफर (खर्जाचा आवाज काढणारा मोठा गोल भाग), रविवारी सकाळी त्यावर नाट्यसंगीत लागायचं म्हणजे लागायचंच. आता त्याने मोठा टीव्ही आणि 5.1 चा रिसीव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणारा अँप्लिफायर) घेतला तर दुकानदार म्हणे हे स्टिरिओचे आहेत, होम थिएटरला चालत नाहीत, एक्स्चेंजमध्ये देऊन टाका. मला फोन आला, म्हटलं थांब जरा.

स्टिरिओ म्हणजे दोन चॅनेल. 5.1 म्हणजे पुढे तीन, बाजूला दोन, आणि तो .1 म्हणजे सबवूफरचा वेगळा ट्रॅक, ज्यात 120 हर्ट्झच्या खालचं धडाम-धुडूम असतं (हर्ट्झचा आकडा जितका लहान, तितका आवाज खर्जाचा). पण ही मोजणी रेकॉर्डिंगची आणि अँपची झाली, खोक्याची नाही ना. खोक्याला मागून दोन वायरी येतात, लाल आणि काळी, गाणं चाललंय का मारामारी ते त्याला काय कळणार.

उलट त्या एका बॉक्समध्ये मिळणाऱ्या सेटमधले छोटे सॅटेलाइट बघा, 3 इंची ड्रायव्हर (आवाज काढणारा गोल भाग), तो खर्जात खाली उतरतच नाही, मग पुरुषी आवाजाचा खर्ज सबवूफरकडे ढकलावा लागतो आणि हिरो कोपऱ्यातून बोलतोय असं वाटतं. जुनं मोठं खोकं 80 हर्ट्झपर्यंत आरामात जातं, त्याखालचं सबला द्या, झालं. शिवाय सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच पॉवरमध्ये स्पीकर किती मोठा वाजतो ते बघा, जुना 90 डीबीचा असेल आणि नवा 87 चा, तर तेवढाच आवाज काढायला नव्याला अँपची दुप्पट पॉवर लागते. फक्त मागच्या पट्टीवर किती ओहम (स्पीकरचा विजेला होणारा विरोध) लिहिलंय ते वाचा, 8 किंवा 6 असेल तर निवांत, 4 असेल तर रिसीव्हरला ते झेपतं का ते मॅन्युअलमध्ये बघा.

मग मेव्हण्याची तक्रार काय होती, तर डायलॉग ऐकू येत नाहीत. बरोबरे, कारण सिनेमातलं बहुतेक बोलणं सेंटर चॅनेलमध्ये असतं आणि याच्याकडे सेंटर स्पीकरच नव्हता, पण रिसीव्हरच्या मेनूत मात्र सेंटर आहे असं सेट केलेलं, म्हणजे आख्खं बोलणं रिकाम्या टर्मिनलवर चाललेलं! सेटिंगमध्ये सेंटर ‘नन’ (None, म्हणजे नाही) केलं की तो आवाज डाव्या-उजव्यात वाटला जातो. सोफ्याच्या मध्ये बसलात तर बोलणं पडद्यातून आल्यासारखं वाटतं, कडेला बसलेल्या सासूबाईंना मात्र जवळच्या स्पीकरमधूनच येतं, त्यासाठी सेंटर घ्यावाच लागेल. तो जुन्या जोडीच्या आवाजाशी जुळणारा घ्या, नाहीतर गाडी डावीकडून उजवीकडे जाताना मध्येच इंजिन बदलल्यासारखं वाटतं. मागचे दोन साधे असले तरी चालतात.

(पूर्वी डब्बा टीव्हीशेजारी असे स्पीकर ठेवले की लोहचुंबकामुळे पडद्यावर रंगीत डाग पडायचे, एलसीडीला ती भानगड नाही.)

बदलायची वेळ आलीच तर ती स्टिरिओ आहे म्हणून नाही, वयामुळे येते. जाळी काढा आणि वूफरच्या कडेची रिंग बोटाने हळूच दाबा. रबर असेल तर बरीच वर्षं टिकतं, फोम असेल तर साधारण 15-20 वर्षांत कुजतो, आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात तर बोट लावलं की भुगाच होतो. तेवढ्याने स्पीकर मेला असं नाही, रिंग नवीन बसवता येते. पण वूफरचा कोन (मधला हलणारा शंकू) चारी बाजूंनी सारखा दाबल्यावर आत खरखर घासल्याचा आवाज आला तर त्यामागची तारेची कॉइल गेली समजा, मग आख्खा ड्रायव्हर बदलायला लागतो आणि तिथे खर्चाचा हिशोब बिघडतो.

मेव्हण्याचा डावा फोम गेलेला होता, उजवा जेमतेम. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, रिंगची चौकशी करायला निघाला तर त्याला सांगितलं दोन्ही घेऊन जा, एकच बदललास तर एका बाजूचा बास वेगळा वाटेल आणि पुन्हा मलाच फोन करशील.