ड्यूटी संपली, ट्रक चालूच

अमेरिकेतलं कुठलंही मोठं गोदाम डोळ्यांपुढे आणा. ड्रायव्हर सकाळी सहाला कामाला लागलाय. माल उतरवायला दुपारी तीनची वेळ मिळाली होती, पण ट्रेलर रिकामा व्हायला रात्रीचे साडेआठ वाजले. कामाला लागल्यापासून नियमाने मिळणारे त्याचे चौदा तास आठालाच भरले, म्हणजे आता गाडी चालवली की नियमभंग. आणि फाटकावरचा पहारेकरी सांगतोय, रात्री इथे थांबायचं नाही. अशा वेळी ड्रायव्हर केबिनमधल्या पडद्यावर ‘पर्सनल कन्व्हेयन्स’, म्हणजे ट्रकचा खासगी वापर, निवडतो आणि तोच ट्रक, तोच ट्रेलर घेऊन बाहेर पडतो. नोंदीपुरता तो आता कामावर नाही. ड्रायव्हरांच्या बोलीत याला नुसतं ‘पीसी’ म्हणतात. ‘मी पीसीवर आलो’ एवढं सांगितलं की समोरच्याला सगळं कळतं.

ही सोय आली कुठून, हे समजायला तासांच्या हिशोबापासून सुरुवात करावी लागते. १९३५ च्या मोटर कॅरियर कायद्याने ट्रकवाहतूक इंटरस्टेट कॉमर्स कमिशनच्या, म्हणजे मुळात रेल्वेसाठी नेमलेल्या आयोगाच्या देखरेखीखाली आली. ड्रायव्हरने किती तास चालवायचं याचे पहिले नियम १९३८ च्या सुमारास लागू झाले. सलग विश्रांती ८ तास, चालवणं १० तास, आणि आठवड्याला ६० किंवा आठ दिवसांत ७० तासांची कमाल मर्यादा. हिशोब ठेवायला कागदी लॉगबुक. त्यात चार आडव्या ओळी: सुट्टी, केबिनमधल्या बर्थवरची झोप, चालवणं आणि चालवण्याव्यतिरिक्तचं काम. दिवसभर पेनाने एकच रेघ या चार ओळींतून वरखाली न्यायची. या वहीला ड्रायव्हर लोक ‘कॉमिक बुक’ म्हणत, आणि ते कौतुकाने नव्हे.

प्रश्न सरळ होता. काम संपल्यावर ट्रक घेऊन जेवायला गेलो, तर रेघ कुठल्या ओळीत ओढायची? लांबपल्ल्याच्या ड्रायव्हरकडे दुसरी गाडी नसतेच. आठवडेच्या आठवडे घराबाहेर राहणाऱ्याचं घर, स्वयंपाकघर, वाहन, सगळं तेच. एप्रिल १९९७ मध्ये केंद्रीय महामार्ग प्रशासनाने प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात याचं उत्तर आहे: कामाच्या सर्व जबाबदारीतून मोकळा झालेला ड्रायव्हर घर ते टर्मिनल गेला, किंवा मुक्कामाच्या जागेपासून जवळच्या खानावळीत गेला, तर तो वेळ सुट्टीचा धरता येईल. पण एक अट होती. गाडीत माल असता कामा नये.

ती अट वरवर पाहता शहाणपणाची वाटते. प्रत्यक्षात तिने दोन जाती पाडल्या. ट्रेलर ओढणारा माणूस ट्रेलर सोडून नुसतं इंजिन घेऊन, त्यांच्या भाषेत ‘बॉबटेल’, जेवायला जाऊ शके. ज्याच्या ट्रकचा हौदा गाडीलाच जोडलेला, किंवा जो स्वतःची हत्यारं आणि सामान घेऊन फिरतो, त्याने माल कुठे उतरवून ठेवायचा?

कागदी वही होती तोवर हे फारसं बोचलं नाही. वही थोडी सैल असते. रेघ पंधरा मिनिटं इकडेतिकडे सरकते. बोचायला लागलं ते दोन बदलांनंतर. पहिला जानेवारी २००४ पासूनचा. विश्रांती १० तास आणि चालवणं ११ तास झालं, पण खरी मेख चौदा तासांची होती. आधी पंधरा तासांची मर्यादा होती आणि मधली सुट्टी तिच्यात मोजली जात नसे. नव्या नियमात कामाला लागल्यापासून घड्याळ सलग पळू लागलं. गोदामाच्या धक्क्यावर पाच तास ताटकळलात, ते तुमच्याच खात्यातून गेले.

दुसरा बदल यंत्राचा. २०१२ च्या कायद्याने इलेक्ट्रॉनिक नोंदयंत्र, म्हणजे ईएलडी, सक्तीचं करायचं ठरवलं, आणि १८ डिसेंबर २०१७ पासून ते लागू झालं. चाक ताशी आठेक किलोमीटरच्या वर फिरलं की यंत्र आपोआप ‘चालवणं’ लिहितं. गंमत अशी, की त्याच २०१२ च्या कायद्यात ‘जेसन्स लॉ’ नावाचा भागही आहे. २००९ मध्ये साउथ कॅरोलायनात माल द्यायच्या वेळेची वाट पाहत एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर थांबलेल्या ड्रायव्हरचा खून झाला, त्याच्या नावाने. ट्रकना सुरक्षित थांबे पुरेसे नाहीत हे मान्य करणारा आणि घड्याळ आवळणारा कायदा एकच!

मग मे २०१८ च्या अखेरीस ट्रक-सुरक्षेची केंद्रीय संस्था एफएमसीएसए हिने जुनं मार्गदर्शन बदलून मालाची अट काढून टाकली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं खरं वळण हेच. तोवर गाडीत काय आहे हे पाहिलं जाई, यापुढे गाडी कशासाठी चालली आहे हे विचारलं जाऊ लागलं. माल भरून किंवा उतरवून झाल्यावर जवळच्या सुरक्षित जागी झोपायला जाणं चालतं. आमच्या सुरुवातीच्या ड्रायव्हरची सुटका याच कलमाने होते. पण वाटेतले योग्य थांबे टाळून दुसऱ्या दिवशीच्या कामाजवळ सरकणं चालत नाही. दुरुस्तीच्या गॅरेजला जाणं, पुढचा ट्रेलर आणायला जाणं, हेही नाही. शिवाय मालक कंपनी आपल्यापुरती ही सोय बंद करू शकते किंवा मैलांची मर्यादा घालू शकते.

अमेरिकेच्या केंद्र सरकारने मात्र अंतराची मर्यादा घातलेली नाही. शेजारच्या कॅनडात दिवसाला ७५ किलोमीटर, तेही रिकाम्या गाडीने आणि ट्रेलर सोडून. आपल्याकडे १९६१ च्या मोटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स कायद्याने, २०२५ मध्ये तो रद्द होईपर्यंत, दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास लिहून ठेवले होते. पण ते मोजत कोण होतं, हा वेगळाच विषय.

हेतू यंत्राला दिसत नाही, ही अडचण उरतेच. त्यात पीसीवर असताना ड्रायव्हरचा खासगीपणा जपायला ईएलडी जागेची नोंद मुद्दाम पुसट ठेवतं, साधारण १६ किलोमीटरच्या घेरात. त्यामुळे रस्त्यावर तपासणी झाली की अधिकारी डिझेलच्या पावत्या, मालाची कागदपत्रं आणि पुढच्या फेरीचा पत्ता जुळवत बसतो, आणि ड्रायव्हर नोंदीशेजारी स्वतःच टाईप केलेली ओळ दाखवतो: ‘गोदामवाल्यांनी थांबू दिलं नाही, जवळच्या थांब्यावर चाललो.’