दहा हजार पावलं आणि पायातलं एक हाड

रात्रीचे पावणेअकरा वाजले होते. ताटं वाढून झाली होती आणि माझा थोरला भाऊ गच्चीत येरझाऱ्या घालत होता. वहिनीनं दोनदा हाक मारली. वरून उत्तर आलं, ‘‘सातशेच ऱ्हायल्यात, आलोच.’’ मनगटावरची पावलं मोजणारी पट्टी थरथरली, पडद्यावर रंगीत फुगे उडाले, तेव्हा कुठं तो जेवायला खाली आला.

दादाचं वय ५४. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्याचं लहानसं मशिनशॉप आहे. पूर्वी दिवसभर लेथपाशी उभा असायचा, आता निम्मा दिवस कोटेशनं आणि बिलं करत खुर्चीत जातो. गेल्या दिवाळीत पोरीनं त्याला ही पट्टी घेऊन दिली. पहिल्याच आठवड्यात पट्टीनं दाखवलं, की तो रोज सरासरी ४,००० पावलं चालतो. लक्ष्य मात्र आधीपासून भरलेलं होतं, १०,०००. माणूस जिद्दीचा. पहाटे रंकाळा आणि रात्री गच्ची करून त्यानं ते गाठलं. गाठलं म्हटल्यावर पट्टीनं आपणहून आकडा चढवला. आधी ११,०००, मग १२,०००. सहाव्या आठवड्यात उजवा चवडा सुजला. एक्स-रे काढला, त्यात काहीच नव्हतं. लचकला असेल म्हणून तो चालतच राहिला. तीन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढला, तेव्हा अंगठ्याशेजारच्या बोटामागच्या लांब हाडाभोवती पांढुरका गोळा दिसला. हाड मोडलं होतं आणि एव्हाना जुळायलाही लागलं होतं. तो कुठं पडला नव्हता की पायावर काही पडलं नव्हतं.

‘‘नुसतं चालून हाड मोडतंय व्हय?’’ असं त्यानं मला विचारलं. मोडतं. आणि कसं मोडतं, ही शरीरातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट आहे.

त्याआधी त्या दहा हजारांबद्दल. १९६४ साली टोकियोत ऑलिंपिक झालं आणि पुढच्याच वर्षी जपानात कमरेला अडकवायचं, पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं. त्याचं नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. आकडा गोल होता, लक्षात राहणारा होता. माणसांच्या मोठ्या वैद्यकीय पाहणीतून तो निघालेला नव्हता. तशा पाहण्या खूप नंतर झाल्या. अमेरिकेत सरासरी ७२ वर्षं वयाच्या १६,७४१ स्त्रियांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. रोज २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी दिसलं, आणि साडेसात हजारांच्या आसपास आलेख सपाट झाला. २०२२ मध्ये असे १५ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. साठीपुढच्यांत हा सपाट भाग ६,००० ते ८,००० ला येतो, त्याखालच्या वयात ८,००० ते १०,००० ला. म्हणजे बराचसा फायदा सुरुवातीच्या चढातच मिळतो. दादानं ४,००० वरून ६,००० वर जाणं हीच मोठी कमाई होती.

आता हाडाकडे वळू. १८५५ साली ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियाच्या लष्करी डॉक्टरनं सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पायांचं वर्णन लिहून ठेवलं. लांबच लांब कूच केल्यावर हे पाय सुजत, आणि इजा तर झालेली नसे. एक्स-रेचा शोध लागल्यावर १८९७ मध्ये कळलं, की ही हाडं मोडलेली असतात. आजही त्याला ‘मार्च फ्रॅक्चर’ म्हणतात. ब्राइटहाउप्टच्याच काळात, त्याच प्रशियात व्होलर नावाचे रेल्वे इंजिनियर आगगाडीच्या चाकांचे आस का तुटतात, याचा शोध घेत होते. एका झटक्यात जो भार आस सहज पेलतो, त्याहून कितीतरी कमी भार लाखो वेळा आला की तो तुटतो, हे त्यांनी दाखवलं. उद्यमनगरातल्या कुठल्याही कारागिराला हा ‘फटीग’ माहीत असतो. मी हे सांगितलं तेव्हा दादा लगेच म्हणाला, ‘‘शाफ्ट अस्साच जातोय.’’ हिशेब केला तर रोजची ६-८ हजार पावलं वाढली, म्हणजे एकेका पायावर ३-४ हजार. सहा आठवड्यांत ते हाड नेहमीपेक्षा दीड लाखाच्या आसपास जास्त वेळा वाकलं. आणि हेच हाड का? कारण त्याचं मागचं टोक शेजारच्या हाडांच्या खाचेत पक्कं बसलेलं असतं, दाराच्या चौकटीच्या खाचेत आडवं लाकूड बसवतात तसं. बाकीची थोडी हलून भार सोडतात, याला वाकावंच लागतं.

पण शाफ्ट आणि हाड यांत एक मोठा फरक आहे. शाफ्टला पडलेली चीर वाढतच जाते. हाड ती स्वतः दुरुस्त करतं, आणि घोटाळा नेमका या दुरुस्तीत होतो.

हाडाच्या आत पेशी कोंडलेल्या असतात. एकीपासून दुसरीपर्यंत केसाहून बारीक नळ्या गेलेल्या असतात आणि त्यांत द्रव भरलेला असतो. हाड किंचित वाकलं की हा द्रव इकडून तिकडे ढकलला जातो. पेशींना भार कळतो तो या प्रवाहातून. वारंवार वाकून हाडात सूक्ष्म चीर पडली की तिथल्या नळ्या तुटतात, आसपासच्या पेशी मरतात आणि मरताना रासायनिक हाक देतात. ती ऐकून हाड खाणाऱ्या पेशी, म्हणजे ऑस्टिओक्लास्ट, येतात. त्या चीर बुजवत नाहीत. चिरेसकट जुनं हाडच विरघळवून टाकतात, आणि सुमारे ०.२ मिलिमीटर रुंदीचा बोगदा पाडत रोज ०.०४ मिलिमीटरच्या आसपास पुढे सरकतात. त्यांच्या मागोमाग हाड बांधणाऱ्या पेशी, ऑस्टिओब्लास्ट, बोगद्याच्या भिंतीला आतून एकेक थर लावत येतात. आधी कोलॅजनचा मऊ सांगाडा, मग त्यात कॅल्शियम-फॉस्फेटचे स्फटिक. मध्ये रक्तवाहिनीपुरती वाट मोकळी सोडतात. एका जागचं खणणं तीनेक आठवड्यांत होतं. भरायला मात्र तीनेक महिने लागतात, आणि पुरती कठीणता यायला त्याहून जास्त.

म्हणजे जलवाहिनीसाठी रस्ता खणला आहे, चर अजून बुजलेला नाही, आणि नेमकी त्याच आठवड्यांत त्या रस्त्यावरची वाहतूक तिप्पट केली. व्यायाम वाढवल्यावर हाड शेवटी मजबूत होतं, हे खरं. पण त्याआधी काही आठवडे ते पूर्वीपेक्षा पोकळ असतं. दादाचा सहावा आठवडा याच खड्ड्यात पडला.

पट्टीला यातलं काही दिसत नाही. तिच्याकडे हालचाल टिपणारी एक चिप असते आणि कातडीवर हिरवा प्रकाश टाकून नाडी मोजणारा दिवा. रक्त, हृदय, स्नायू हे सगळे लवकर शिकतात. दोन-तीन आठवड्यांत दम लागेनासा होतो, विश्रांतीतली नाडी उतरते. पट्टी ते बघते आणि लक्ष्य वाढवते. सर्वांत सावकाश शिकणाऱ्या हाडाची खबर घेणारं तिच्यात काहीही नाही, आणि हा दोष मला मोजणीतल्या चुकांपेक्षा फार गंभीर वाटतो.

आणखी एक गोष्ट. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की सलग काही डझन वेळा भार दिल्यावर हाडातल्या पेशी त्याला प्रतिसाद देणं जवळपास थांबवतात. जाणीव पूर्ण परतायला सुमारे ८ तास लागतात. नवं हाड बांधण्याचा निरोप पहिल्या थोड्या भारातच पोचतो, पुढच्या एकसुरी पावलांतून झीज तेवढी वाढते. म्हणून भार थोडा, वेगवेगळ्या दिशांनी, मध्ये विश्रांती ठेवून दिलेला बरा. आपल्या तालमींतून सकाळी लढत आणि संध्याकाळी जोर-बैठका अशी दोन वेळांची मेहनत चालते, ते आठवून बघा. नवा पोरगा आला की वस्ताद त्याला पहिल्या दिवशी हजार बैठका सांगत नाही. कुस्तीच्या हौद्यातली माती खणायला लावतो, थोडे जोर मारून घेतो आणि दुसऱ्या दिवशी पोरगं चालतंय कसं, हे बघतो.

दादाच्या पायावर उपाय सुचवणारे पुष्कळ भेटले. एकानं चुंबकाच्या चपला आणून दिल्या, ‘रक्तात लोह असतंय, चुंबक ते ओढून घेतंय’ म्हणून. हिमोग्लोबिनमधलं लोह म्हणजे लोखंडाचा कीस नव्हे. प्राणवायू घेतलेलं रक्त चुंबकाकडे ओढलं जात नाही, उलट अतिशय क्षीणपणे दूर लोटलं जातं. अशा चपलांवर पैसे घालवू नका. आणि हाडावर एकाच जागी बोट ठेवल्यावर कळ येत असेल, तर ते चोळूनही घेऊ नका. पहिला एक्स-रे कोरा आला तरी चालणं थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना पुन्हा दाखवा.

लक्ष्य स्वतःच ठरवायचं असेल, तर आधी आठवडाभर नेहमीसारखं चाला आणि पट्टीला फक्त मोजू द्या. त्या सरासरीवर पाचशे-हजार पावलं चढवा आणि तीन-चार आठवडे तिथंच थांबा. जागतिक आरोग्य संघटना तर पावलांचा आकडा देतच नाही. ती आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम सांगते, आणि २०२० पासून एका वेळी निदान दहा मिनिटं हवीत ही अटही तिनं काढून टाकली आहे.

सहा आठवडे कडक तळव्याचा बूट वापरून दादा आता पुन्हा रंकाळ्यावर जातो. पट्टीचं आपोआप वाढणारं लक्ष्य त्यानं बंद केलं आणि हातानं ५,००० भरलं. रोज सकाळी अंथरुणातच तो अंगठ्यानं त्या हाडावर दाबून बघतो आणि वर्कशॉपमधल्या कॅलेंडरवर टिंब काढतो. पुढच्या महिन्याच्या २१ तारखेखाली त्यानं ५,८०० लिहून ठेवलंय. मधेच दुखलं तर खोडता यावं, म्हणून पेन्सिलीनं.