शककाल : मध्ययुगाच्या आरंभीचा कालनिर्देश

शककाल ही इ. स. ७८ मध्ये आरंभ होणारी वर्षगणना. साधारणतः सहाव्या ते अकराव्या शतकांत दख्खन, माळवा, गुजरात आणि आग्नेय आशियातील राज्ये येथील ज्योतिषी, जैन ग्रंथकार व प्रशस्तिकार यांनी तिचा वापर केला. प्रस्तुत नोंदीत या काळातील तिथिलेखनाची रीतच प्रामुख्याने विचारात घेतली आहे. आजच्या पंचांगातील शकाचा विचार येथे केलेला नाही.

गणनेचा आरंभ कोणी केला, हा प्रश्न दीड शतक चर्चेत आहे. फर्ग्युसन व ओल्डेनबर्ग यांनी तिचे कर्तृत्व कुषाण सम्राट कनिष्काकडे दिले आणि ते मत दीर्घकाळ पाठ्यपुस्तकांत रूढ होते. दुसरा पक्ष पश्चिमी क्षत्रप (पश्चिम भारतातील शक राजवंश) चष्टन याचा. कच्छमधील अंधौ येथील त्याच्या वंशाचे लेख वर्ष ५२ चे (इ. स. १३०) आहेत. पुढे तेथेच चष्टनाचा वर्ष ११ चा लेख मिळाला, त्यामुळे हा पक्ष बळावला. रुद्रदामनाच्या जुनागढ लेखातील वर्ष ७२ (इ. स. १५०) याच मालिकेतले. मात्र यांपैकी एकाही लेखात गणनेचे नाव नाही, नुसते ‘वर्षे’ आहे. हॅरी फाल्क यांनी २००१ मध्ये ‘यवनजातक’ या ज्योतिषग्रंथातील एका श्लोकाच्या आधारे कनिष्काचा आरंभ इ. स. १२७ असा मांडला. ते मान्य केल्यास कनिष्क व शककाल यांचा संबंध तुटतो. याच ग्रंथाचा काळ पिंग्री यांनी शके १९१ ठरवला होता, पण बिल माक यांच्या अलीकडील पाठशोधनामुळे त्याविषयी शंका निर्माण झाली आहे. एकंदरीत चष्टनाचा पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो, कारण क्षत्रपांच्या नाण्यांवर वर्षांची सलग मालिका चौथ्या शतकाच्या अखेरीपर्यंत मिळते आणि त्यांची उज्जयिनी हीच पुढे ज्योतिषाची मुख्य नगरी झाली.

शकराजाच्या कोणत्या घटनेपासून वर्षे मोजायची, याविषयी जुन्या लेखकांतही एकवाक्यता नव्हती. बदामीच्या लेण्यातील चालुक्य मंगलेशाच्या लेखात ‘शकनृपतीच्या राज्याभिषेकापासून’ पाचशे वर्षे उलटल्याचे म्हटले आहे (इ. स. ५७८, कार्तिकी पौर्णिमा). उलट दहाव्या शतकातील टीकाकार भट्टोत्पल सांगतो, की विक्रमादित्याने शकांचा वध केला तो काळ लोकांत ‘शक’ म्हणून प्रसिद्ध झाला. म्हणजे जी गणना एका राजाच्या अभिषेकाची होती, तीच चार शतकांत त्याच्या वधाची झाली. शालिवाहनाचे नाव तर याहूनही उशिराचे. ते बहुधा तेराव्या-चौदाव्या शतकांपासून जोडले जाऊ लागले. त्याआधीच्या लेखांत ‘शकनृपकाल’, ‘शककाल’ अशीच रूपे आढळतात. त्यामुळे चालुक्य किंवा राष्ट्रकूट लेखांचा उल्लेख करताना ‘शालिवाहन शके’ लिहिणे योग्य नव्हे.

गत व वर्तमान वर्ष. बदामीच्या लेखातील ‘अतिक्रान्त’ (उलटून गेलेली) हा शब्द महत्त्वाचा आहे. या काळात वर्षांक बहुधा संपलेल्या वर्षांचा देत. आपण माणसाचे वय सांगताना पुरी झालेली वर्षे सांगतो, तसे. गत शकात ७८ मिळवल्यास चैत्र ते डिसेंबर या काळाचे इसवी सन वर्ष मिळते, नंतरच्या महिन्यांसाठी ७९ मिळवावे लागतात. वर्तमान वर्ष दिले असेल, तर दोन्ही आकड्यांतून एक वजा होतो. कीलहॉर्न यांनी शकांकित तिथी मोठ्या संख्येने तपासल्या, तेव्हा त्यांतील बहुसंख्य गत वर्षाच्या निघाल्या. ऐहोळे येथील रविकीर्तीची प्रशस्तीही ‘समतीत’ (संपलेली) वर्षेच मोजते आणि तीही दोन गणनांनी : भारतयुद्धापासून ३७३५ व शकराजांची ५५६. दोहोंतील अंतर ३१७९ वर्षांचे, आणि शकावरून कलियुगाची गतवर्षे काढताना ज्योतिषी हाच अंक मिळवतात. इ. स. ६३४ च्या सुमारास दरबारी कवीलाही हा हिशेब ठाऊक होता, हे त्यावरून दिसते.

शब्दांक. पद्यात अंक बसवण्यासाठी वस्तूंची नावे संख्या म्हणून वापरीत (भूतसंख्या). चंद्र म्हणजे १, वेद ४, रस ६, आकाश ०. आणि वाचायचे एककापासून डावीकडे. वराहमिहिराच्या ‘पंचसिद्धांतिके’तील ‘सप्ताश्विवेद’ म्हणजे ७, २, ४, अर्थात शके ४२७ (इ. स. ५०५). जावातील चंगल येथील संजय राजाच्या लेखात ‘श्रुति-इंद्रिय-रस’ असे शब्द आहेत : ४, ५, ६, म्हणजे शके ६५४ (इ. स. ७३२). उज्जयिनीची रीत सव्वादोन शतकांत जावाच्या डोंगरावर पोहोचलेली पाहून आजही नवल वाटते. कंबोडियातील सांबोर येथील शके ६०५ च्या लेखात तर अंकच कोरले आहेत आणि शून्यासाठी टिंब आहे.

वराहमिहिराचा ४२७ हा अंक त्याच्या ग्रंथरचनेचा, की केवळ करणारंभाचा, याविषयी मतभेद आहेत. करणग्रंथात, म्हणजे व्यवहारोपयोगी ग्रहगणिताच्या पुस्तकात, गणित सोपे व्हावे म्हणून जवळचे एखादे वर्ष आरंभ धरीत. त्या वर्षाच्या चैत्र शुक्ल प्रतिपदेपासून इष्ट दिवसापर्यंतचे दिवस (अहर्गण) मोजून ग्रहस्थिती काढायची. वराहमिहिराचा मृत्यू शके ५०९ मध्ये झाला, अशी परंपरा टीकाकार आमराजाने नोंदवली आहे. ती खरी असेल, तर शके ४२७ मध्ये ग्रंथ रचला गेला असणे अवघड आहे, म्हणून हा करणारंभ मानणे अधिक बरे. याच श्लोकातील वाराविषयीही पाठभेद आहेत : सौम्य (बुध), भौम (मंगळ), सोम. गणिताने २१ मार्च ५०५ रोजी सोमवार येतो. ब्रह्मगुप्ताबाबत असा गुंता नाही. शके ५५० मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, आपण सिद्धांतग्रंथ रचला असे तो स्वतः सांगतो. पुढे ‘खंडखाद्यक’ या करणग्रंथासाठी त्याने शके ५८७ हा आरंभ घेतला.

मास. जैन ग्रंथकार उद्योतनसूरीने जालोर येथे ‘कुवलयमाला’ ही प्राकृत कथा पूर्ण केली, ती शककालाची सातशे वर्षे भरायला एक दिवस उणा असताना, तिसऱ्या प्रहरी. तिथी दिली आहे चैत्र वद्य चतुर्दशी. मराठी वाचकाला हे विचित्र वाटेल, कारण आपल्याकडे वर्षअखेरीस फाल्गुन वद्य असतो. पण पूर्णिमान्त (पौर्णिमेला संपणाऱ्या) मासात चैत्राचा वद्य पक्ष शुक्ल पक्षाच्या आधी येतो, आणि शकवर्ष मात्र शुक्ल प्रतिपदेलाच बदलते. म्हणून वर्षाचा शेवटचा पंधरवडाही चैत्राचाच. हा दिवस २१ मार्च ७७९ असा येतो. वर्ष, मास, तिथी व प्रहर इतक्या नेमकेपणाने सांगणारा समाप्तिलेख या काळात विरळा. (‘दिण्णल्ले गहिल्ले’, म्हणजे ‘दिले, घेतले’, म्हणणारे मरहट्ट ज्या ग्रंथात भेटतात, तो हाच.)

वार व संवत्सर. वाराचा सर्वांत जुना निश्चित कोरीव उल्लेख एरण येथील बुधगुप्ताच्या स्तंभावर आहे : गुप्त वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार (इ. स. ४८४). कोरीव लेखांचे अभ्यासक फ्लीट यांच्यासाठी ही तिथी गणिताने तपासली ती शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी. साठ संवत्सरांचे चक्र मूळचे गुरूच्या मध्यम गतीवर बेतलेले. त्या मानाचा संवत्सर सुमारे ३६१ दिवसांचा, म्हणून दर ८५-८६ वर्षांनी एक नाव गाळावे लागते. दक्षिणेत हा लोप दहाव्या शतकाच्या आरंभी, दीक्षितांच्या मते शके ८२७ च्या सुमारास, थांबला. त्याआधी दख्खनही गुरूच्याच मानाने चालत असावे. महाकूट स्तंभावरील मंगलेशाच्या लेखात ‘सिद्धार्थ’ संवत्सर आहे आणि फ्लीट यांनी तो एप्रिल ६०२ मध्ये बसवला. आजच्या दक्षिणी पद्धतीने मागे मोजत गेल्यास तोच संवत्सर तीन वर्षे आधी येतो.

मराठी लेखातील वापर. रायगड जिल्ह्यातील अक्षी येथील शिलालेखात ‘सकु संवतु’ व ‘प्रधावी’ संवत्सर असा कालनिर्देश आहे. शं. गो. तुळपुळे यांनी वर्षांक ९३४ (इ. स. १०१२) असा वाचला. काही अभ्यासक मात्र लेख बराच नंतरचा मानतात. ‘प्रधावी’ म्हणजे परिधावी घेतल्यास दक्षिणी गणनेने तो शके ९३४ लाच येतो, हे तुळपुळे यांच्या वाचनाला अनुकूल आहे. आपण आज लिहितो ते ‘शके’ हे संस्कृत ‘शक’ शब्दाचे सप्तमीचे रूप.

अल्‌-बीरूनीची नोंद. इ. स. १०३० च्या सुमारास अल्‌-बीरूनीने निरनिराळ्या गणनांचा मेळ घालण्यासाठी यज्दगर्दी (इराणी गणनेचे) वर्ष ४०० हे प्रमाणवर्ष धरले. त्या वर्षी विक्रम १०८८, शक ९५३, वलभी ७१२ आणि श्रीहर्ष १४८८ होते, असे तो लिहितो. शक राजाचा वध विक्रमादित्याने मुलतानजवळील करूर येथे केला, ही कथाही त्याने ऐकली होती. पण विक्रम व शक या गणनांतील मोठे अंतर लक्षात घेऊन, हा विक्रमादित्य संवताचा प्रवर्तक नसून त्याच नावाचा दुसरा कोणी असावा, असा तर्क त्याने केला.