नवजात पिल्लाचे नख आणि त्यातली जिव्हाळी

कुत्रीचे पिल्लू जन्माला येते तेव्हा त्याचे डोळे मिटलेले असतात आणि कान बंद असतात. नखे मात्र तयार असतात. सुरुवातीला ती मऊ आणि अगदी निरुपद्रवी वाटतात, पण आठवडाभरातच प्रत्येक बोटाच्या टोकाशी खाली वळलेला, सुईसारखा बारीक आकडा दिसू लागतो. एवढ्याशा जिवाची नखे कापायची कशाला, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. त्याचे उत्तर पिल्लाच्या पंजापेक्षा त्याच्या आईच्या पोटाकडे पाहिल्यावर लवकर सापडते.

दूध पिताना पिल्लू पुढच्या दोन्ही पंजांनी स्तनाभोवतीची त्वचा आलटून पालटून दाबत राहते. ही हालचाल उगीच होत नाही. चोखण्याचा आणि दाबण्याचा स्पर्श मज्जातंतूंमार्फत आईच्या मेंदूपर्यंत पोहोचतो, तिथून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात सोडले जाते आणि पान्हा सुटतो. म्हणजे पिल्लाचे पंजे त्याच्या पोटभरणीत सहभागी असतात. मात्र त्याच पंजांची टोके अणकुचीदार झाली, की प्रत्येक दाबण्याबरोबर एक ओरखडा उमटतो. सहा-सात पिल्लांचे वेत असलेल्या आईचे पोट दुसऱ्या आठवड्यात जवळून पाहावे: स्तनाग्रांभोवतीच्या विरळ केसांच्या गुलाबी त्वचेवर बारीक तांबड्या रेघा ओळीने उमटलेल्या दिसतात, काही ताज्या, तर काहींवर खपली धरलेली. अशी आई पाजता पाजता मध्येच उठते, पिल्ले स्तनापासून सुटून खाली पडतात आणि अर्धपोटी राहतात. ओरखड्यांतून जंतूंना आत वाट मिळण्याचा, म्हणजेच स्तनदाहाचा धोकाही असतो. शिवाय पिल्ले एकमेकांच्या अंगावरून सरपटत असतात आणि साधारण १० ते १४ दिवसांच्या सुमारास त्यांचे डोळे उघडू लागतात. भावंडाच्या नखाने नुकताच उघडलेला डोळा दुखावणे सहज शक्य असते.

मोठ्या कुत्र्याची नखे चालताना जमिनीवर थोडीफार झिजतात. पिल्लू पहिले दोन आठवडे पोटावर सरपटते, तेही मऊ अंथरुणावर, त्यामुळे झीज जवळजवळ होतच नाही. म्हणून ते काम माणसाला करावे लागते.

ते करण्यापूर्वी नखाची रचना समजून घ्यायला हवी. कुत्र्याचे नख बोटाच्या शेवटच्या हाडावर बसलेले असते. हाडाभोवती रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंनी भरलेला जिवंत ऊतींचा थर असतो आणि त्याच्यावर केराटिन या प्रथिनाचे कठीण आवरण असते. या जिवंत भागाला मराठीत फार नेमका शब्द आहे: जिव्हाळी. केराटिनच्या आवरणाला वेदना नसते आणि त्यातून रक्तही येत नाही. जिव्हाळीला मात्र कात्री लागली तर रक्त येते आणि पिल्लाला खरोखर दुखते. नवजात पिल्लाला वेदना होत नाहीत, हा समज चुकीचा आहे. ते कळवळून मोठ्याने ओरडले नाही, तरी त्याला दुखत असते.

फिकट रंगाचे नख उजेडासमोर धरले तर जिव्हाळी गुलाबी सावलीसारखी दिसते आणि तिच्या पुढे पांढुरका, पारदर्शक आकडा राहतो. आपल्याला काढायचा आहे तो केवळ हा आकडा. त्याची लांबी बहुधा एक मिलिमीटरच्या आतबाहेर असते. कापलेला तुकडा बोटावर घेतला तर तो डोळे बारीक करूनच पाहावा लागतो. म्हणूनच माझ्या मते ‘नखे कापणे’ हा शब्दप्रयोग इथे दिशाभूल करतो. आपण नख आखूड करत नाही, त्याचे टोक बोथट करतो. हे एकदा मनात पक्के झाले की हात आपोआप बेताने चालतो. काळ्या नखात जिव्हाळी दिसत नाही, तेव्हा नख जिथे एकदम बारीक होऊन वळते तेवढेच टोक काढावे आणि शंका वाटली तर कापण्याऐवजी बारीक कानशीने हलकेच घासावे.

रक्ताच्या बाबतीत एक हिशेब ध्यानात ठेवण्यासारखा आहे. कुत्र्याच्या शरीरातील रक्त त्याच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के असते. या मापाने ४०० ग्रॅमच्या पिल्लाच्या अंगात जेमतेम ३० मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे रक्त असते. एखाद्या थेंबाने त्याच्या जिवाला धोका होत नाही, पण मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत ज्या ठिबकण्याकडे आपण काही काळ दुर्लक्ष करू शकलो असतो, त्याकडे इथे करता येत नाही.

वेळ निवडायची ती पोटभर दूध पिऊन पिल्लू झोपल्यानंतरची. पहिले काही आठवडे पिल्लाचा बहुतेक वेळ झोपेतच जातो, पण ती झोप शांत नसते. झोपेत त्याचे पाय, ओठ, पाठीची त्वचा सतत थरथरत आणि झटके देत असते. हे निरोगीपणाचे लक्षण आहे, मात्र कात्री हातात असताना तेच अडचणीचे ठरते, कारण सर्वाधिक इजा अशा अचानक झटक्यातच होते. त्यामुळे नुसता पाय धरून भागत नाही. जे नख कापायचे, ते बोट आपल्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या चिमटीत हलकेच टेकवून धरावे, म्हणजे पाय हलला तर बोट आणि आपला हात एकत्रच हलतात. बोटाची खालची गादी किंचित वर दाबली की नख पुढे येते आणि भोवतीचे केस बाजूला होतात. चिमटी पक्की हवी, पण आवळलेली नको. या वयात हाडे अजून पुरती कठीण झालेली नसतात.

पिल्लाला आईपासून दूर, वेगळ्या खोलीत नेऊ नये. पहिल्या आठवड्यात त्याला थरथरून अंगात ऊब निर्माण करता येत नाही आणि त्याच्या शरीराचे तापमानही मोठ्या कुत्र्यापेक्षा कमी, साधारण ३५ ते ३७ अंश सेल्सिअस इतकेच असते. गार पडलेले पिल्लू नीट दूध ओढत नाही आणि प्यायलेले त्याला पचतही नाही. म्हणून मांडीवर कोमट केलेले मऊ फडके घ्यावे, एका वेळी एकच पिल्लू उचलावे आणि दोन-तीन मिनिटांत ते परत आईपाशी ठेवावे. हात धुतलेले, कोरडे आणि उबदार असावेत. उग्र वासाचा साबण टाळावा, कारण आई पिल्लांना मुख्यतः वासाने ओळखते. ती अस्वस्थ होऊन गुरगुरू लागली तर त्या दिवशी काम थांबवलेले बरे.

मोठ्या कुत्र्यांसाठी मिळणारी नखकात्री या इवल्या नखांसाठी बोजड असते. तिच्या पात्यांआड नखच दिसेनासे होते. माणसांच्या लहान बाळांसाठी असते तसली छोटी, गोल टोकाची नखकात्री किंवा लहान नेलकटर पुरते. मात्र ते धारदार हवे, कारण बोथट पाते नख कापण्याआधी ते चेपते आणि चेपल्याने आतली जिव्हाळी दुखावते व नख उभे चिरते. विजेवर फिरणारे घासणीयंत्र या वयात वापरू नये, असे मी आग्रहाने सांगेन. कान बंद असले तरी कंप थेट हाडापर्यंत पोहोचतो.

पहिल्यांदा साधारण सातव्या-आठव्या दिवशी आणि नंतर दूध सुटेपर्यंत आठवड्यातून एकदा, एवढा क्रम पुरेसा होतो. आधी पुढचे पंजे घ्यावेत, कारण पान्ह्यासाठी दाबण्याचे काम तेच करतात; मागचे दुसऱ्या दिवशी केले तरी बिघडत नाही. थोडे थोडे आणि वारंवार कापण्याला शरीरशास्त्राचाही आधार आहे. नख लांब वाढू दिले की जिव्हाळीही त्याच्या मागोमाग पुढे सरकते आणि पुढे सुरक्षित कापायला जागाच उरत नाही. नियमित टोके काढली तर ती मागे राहते.

एवढी काळजी घेऊनही रक्त आलेच, तर स्वच्छ कापसाचा बोळा नखाच्या टोकाशी दोन-तीन मिनिटे न उचलता दाबून धरावा. सारखे उचलून पाहण्याने रक्ताची धरू लागलेली गाठ सुटते. मोठ्या कुत्र्यांसाठी वापरतात ती रक्त थांबवणारी स्टिप्टिक पावडर चिमूटभरच लावावी आणि ती नीट बसल्याशिवाय पिल्लू आईकडे देऊ नये. आई ते बोट लगेच चाटते, पावडर तिच्या पोटात जाते आणि गाठही निघते. कॉर्नफ्लोअरची चिमूट या दृष्टीने कमी त्रासाची. दहा मिनिटांत रक्त थांबले नाही, किंवा पिल्लू सुस्त अथवा गार वाटू लागले, तर थेट पशुवैद्याकडे जावे. रक्त आलेले बोट पुढचे काही दिवस रोज पाहावे आणि अंथरूण कोरडे ठेवावे, कारण जखमी जिव्हाळीतून जंतुसंसर्ग होऊ शकतो.

तिसऱ्या आठवड्यानंतर या कामाला आणखी एक अर्थ येतो. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेतील बार हार्बर येथे कुत्र्यांच्या वर्तनावर केलेल्या दीर्घ संशोधनातून असे दिसले, की साधारण ३ ते १२ आठवड्यांच्या काळात पिल्लू माणसांशी आणि भोवतालाशी जे नाते जोडते, ते पुढे टिकते. या दिवसांत पंजा हातात घेतला जाणे ही पिल्लासाठी रोजची, सौम्य गोष्ट झाली तर मोठेपणी नखे कापताना त्याला दाबून धरावे लागण्याची वेळ सहसा येत नाही. म्हणून नखे कापायची नसतील त्या दिवशीही त्याची बोटे एकेक करून हलकेच चाचपावीत.

आणि हे करताना पुढच्या पायाच्या आतल्या बाजूला, थोडे वर असलेले अंगठ्याचे नख विसरू नये. काही पिल्लांना ते मागच्या पायालाही असते. ते पिल्लू चालू लागल्यावरही जमिनीला टेकत नाही, त्यामुळे त्याची झीज फारशी होत नाही, आणि कोणाचे लक्ष गेले नाही तर ते गोल वळत जाऊन अखेर त्याच बोटाच्या मांसात रुतते.