गाडीची रोजची तपासणी आणि घाटातलं सुरक्षित ड्रायव्हिंग (सातारा जिल्हा)

गाडी बाहेर काढायच्या आधी टायर, ब्रेक, लाइट, काचा आणि पाणी-ऑइल यावर दोन-चार मिनिटं नजर टाकणं आणि मग समोर रस्ता जसा असेल तशी गाडी चालवणं, एवढ्यात कारची रोजची सुरक्षितता येते. नियम सगळीकडे सारखेच, पण सातारा जिल्ह्यात त्यांना जास्त वजन आहे कारण इथं कुठल्याही दिशेला निघा, घाट लागतोच. पुण्याकडनं येताना खंबाटकी, वाईवरनं पाचगणीला पसरणी, मेढ्याकडनं महाबळेश्वरला केळघर, साताऱ्यातनं कासला जायचं तर यवतेश्वर, कोयनानगरवरनं चिपळूणला उतरायचं तर कुंभार्ली आणि महाबळेश्वरवरनं पोलादपूरला आंबेनळी. सपाटीला कमी हवेचा टायर किंवा जुनं ब्रेक ऑइल महिनोन् महिने निभावून जातं, घाटाच्या उतारावर ते एका दुपारीत उघडं पडतं.

निघण्याआधी काय बघायचं

सुरुवात गाडीच्या खालच्या जमिनीपासून करायची. रात्रभर उभी असलेली गाडी जरा पुढं घेतली की खाली डाग दिसतो का ते बघायचं. एसीचं पाणी पडलं असेल तर ते साधं बिनरंगी पाणी असतं, त्याची काळजी नाही. हिरवट, गुलाबी किंवा निळसर थेंब असेल तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं रंगीत पाणी) गळतंय, काळा-तपकिरी चिकट डाग असेल तर इंजिन ऑइल, आणि चाकाच्या आतल्या बाजूला पिवळसर, बोटाला निसरडं लागणारं काही सापडलं तर ते ब्रेक ऑइल असू शकतं. असं दिसल्यावर त्या दिवशी गाडी घाटात न्यायची नाही, आधी मेकॅनिकला दाखवायची, यात दुसरा विचारच नको.

मग टायर. हवा किती भरायची याचा स्टिकर बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरचं दार उघडल्यावर खांबाला असतो, लहान गाड्यांना साधारण ३० ते ३५ पीएसआय. हा आकडा टायर थंड असतानाचा आहे. पन्नास किलोमीटर चालवून पंपावर हवा चेक केली तर आकडा वाढलेला दिसतो, आणि बरेच जण तिथंच हवा कमी करून घेतात, मग दुसऱ्या दिवशी सकाळी टायर बसलेले असतात. म्हणून घराजवळच्या पंपावर सकाळीच हवा बघितलेली बरी. गाडीत पाच माणसं आणि डिकीभर सामान असेल तर स्टिकरवर फुल लोडचा वेगळा आकडा दिलेला असतो तो धरायचा. कमी हवेच्या टायरची बाजूची भिंत फिरताना सारखी वाकते, त्यामुळं आतून तापते आणि उन्हाळ्यात हायवेला टायर फुटायचं हे एक मोठं कारण आहे. नक्षीची खोली कायद्यानं किमान १.६ मिलिमीटर लागते. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला समजायचं. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात, त्यातले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे २३२१ असेल तर २०२१ सालचा तेविसावा आठवडा. गाडी कमी चालते म्हणून नक्षी छान दिसत असली तरी रबर वयानं कडक होतं, त्याला बारीक चिरा पडतात, त्या बाजूनं बघितल्यावर लगेच दिसतात. स्टेपनीची हवा पण तेव्हाच बघून घ्यायची, आणि जॅक व पाना जागेवर आहे का तेही.

ब्रेकची चाचणी घरच्या दारात होते आणि तिला पैसा लागत नाही. इंजिन बंद असताना ब्रेक पेडल चार-पाच वेळा दाबायचं, ते कडक होतं, मग तसंच दाबून धरून गाडी स्टार्ट करायची. पेडल किंचित खाली गेलं तर ब्रेकचा बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा भाग, काम करतोय. नाही गेलं तर बूस्टरमध्ये किंवा त्याच्या व्हॅक्यूम पाइपमध्ये दोष आहे. पेडल स्पंजासारखं मऊ लागत असेल तर ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये हवा आहे, आणि दाबून धरल्यावर हळूहळू पायाखालच्या फळीकडं जात असेल तर कुठंतरी गळती किंवा मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा भाग) खराब. गाडी दारातनं हलली की पहिल्या दहा-वीस फुटांत एकदा हळू ब्रेक मारून बघायचा, ही सवय जुन्या एसटी आणि ट्रक ड्रायव्हरांना असते आणि ती कारवाल्यांनी जशीच्या तशी उचलावी अशी आहे.

डॅशबोर्डवर चावी फिरवल्यावर सगळे दिवे लागतात आणि इंजिन चालू झाल्यावर थोड्या वेळात विझतात. विझला नाही तो आपल्याला काहीतरी सांगतोय. लाल दिवा असेल, विशेषतः ऑइलच्या किटलीचा किंवा टेंपरेचरचा, तर गाडी सुरक्षित जागी थांबवून इंजिन बंद करायचं. पिवळा असेल तर सांभाळून गॅरेजपर्यंत जाता येतं. ब्रेक लाइट आपल्याला स्वतःला दिसत नाही, म्हणून रात्री भिंतीकडं पाठ करून गाडी लावताना भिंतीवर लाल उजेड दोन्हीकडं पडतोय का ते बघायचं. इंजिन ऑइलची पट्टी आणि कूलंटची बाटली आठवड्यातनं एकदा पुरे, पण इंजिन थंड आणि गाडी सपाट जागी असताना. खंडेनवमीला किंवा दसऱ्याला आपल्याकडं घरोघरी गाडी धुऊन, झेंडूचा हार घालून पूजा होते, त्याच सकाळी बॉनेट उघडून हे सगळं एकदा निवांत बघून घ्यायला फार चांगला मुहूर्त आहे. हार मात्र काचेपुढं किंवा नंबर प्लेटवर लोंबणार नाही असा बांधावा, आणि निघायच्या आधी काचेवरचा काढून ठेवावा.

घाटाचा उतार आणि ब्रेक

इथं जरा जास्त थांबायला पाहिजे, कारण घाटात ब्रेक लागले नाहीत असं जे आपण ऐकतो त्यात पुष्कळदा ब्रेक आधी धडधाकट असतात, उतरता उतरता ते तापवून निकामी केलेले असतात.

पाचगणी ते वाई अंतर जेमतेम बारा-तेरा किलोमीटर आणि तेवढ्यात गाडी पाचशे मीटरहून जास्त खाली येते. माणसांसकट बाराशे किलोची गाडी एवढी खाली उतरते तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते ती साधारण वीस लिटर थंड पाणी उकळीला आणायला पुरेल एवढी असते. त्यातली थोडी हवेचा विरोध आणि टायर खातात, उरलेली कुठंतरी जायला पाहिजे, आणि ड्रायव्हरनं नुसता ब्रेकवर पाय ठेवला तर ती सगळी चार चाकांच्या डिस्क आणि ड्रममध्ये उष्णता म्हणून जाते. आधी जळका वास येतो, मग पॅडची पकड कमी होते, पेडल कडक पण गाडी थांबत नाही. त्याहून वाईट म्हणजे ब्रेक ऑइल उकळतं. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेत राहतं. डॉट ४ प्रकारचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं, पण ओलावा शिरल्यावर ही हद्द १५५ पर्यंत खाली येऊ शकते. उकळलं की लाइनमध्ये वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल सरळ फळीला टेकतं. आपल्याकडं पावसाळा दमट म्हणून तर ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी, किंवा कंपनीच्या पुस्तकात जे सांगितलंय त्याप्रमाणं बदलायलाच पाहिजे, नुसतं वरनं टाकून चालत नाही.

यावर उपाय म्हणजे गिअर. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचा, म्हणजे कारला बहुतेक दुसरा, तीव्र वळणाला पहिला. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजिनच गाडीला मागं धरतं, आवाज वाढतो पण त्यानं इंजिनचं काही बिघडत नाही. ब्रेक मग वळणाच्या आधी थोडा पण नीट मारायचा आणि सोडायचा, सारखा पाय ठेवून घासत न्यायचा नाही. ऑटोमॅटिक गाडीत एल, २ किंवा मॅन्युअल मोड असतो तो याच्यासाठीच आहे.

उतारावर न्यूट्रल करून गाडी सोडायची आणि पेट्रोल वाचवायचं ही जुनी समजूत अजून ऐकू येते. कार्बोरेटरच्या काळात त्यात थोडंफार तथ्य असेल. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना पाय काढला की कॉम्प्युटर इंधन जवळपास पूर्ण तोडतो, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागतंच, म्हणजे वाचत काहीच नाही आणि इंजिनची पकड जाते. आणि चावी फिरवून इंजिनच बंद करणं तर जिवाशी खेळ आहे. बूस्टरमध्ये एक-दोन ब्रेकपुरता व्हॅक्यूम शिल्लक असतो, त्यानंतर पेडल दगडासारखं होतं, स्टिअरिंग जड होतं, चावी काढली तर लॉकही होऊ शकतं. कुणी कितीही अनुभवी असो, असं करत असेल तर त्याला शेजारच्या सीटवरनं स्पष्ट सांगावं.

ब्रेकचा वास आला तर मोकळी जागा बघून थांबायचं, अर्धा तास निवू द्यायचं, तापलेल्या डिस्कवर पाणी ओतायचं नाही. पेडल गेलंच तर भराभर पंप करत एकेक गिअर खाली आणायचा, हँडब्रेक बटण दाबून धरून हळूहळू ओढायचा आणि दरीची बाजू सोडून डोंगराच्या बाजूला घ्यायचं.

अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीचा हक्क पहिला, उतरणाऱ्यानं बाजूला थांबून तिला जाऊ द्यायचं, हा भारतातल्या रस्त्यांचा नियम आहे आणि त्याला कारण आहे, चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा उचलणं अवघड असतं. दिसत नसलेल्या वळणाला हॉर्न, रात्री डिपर, आणि वळणावर ओव्हरटेक नाही. मे महिन्यात चढावर गाडी तापली तर एसी बंद करून बाजूला घ्यायची. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, आतलं पाणी दाबाखाली असतं, ते तोंडावर उडतं.

पाऊस आणि धुकं

जून ते सप्टेंबर महाबळेश्वरच्या बाजूला देशातल्या सगळ्यात जास्त पावसांपैकी एक पाऊस पडतो. मे संपायच्या आत वायपरची रबरं बदलून घ्यायची, कारण उन्हानं ती कडक झालेली असतात. आतनं काच धुरकट झाली तर एसी चालू करून हवा काचेवर सोडायची, फडक्यानं पुसत चालवायचं नाही. धुक्यात लो बीम आणि फॉग लॅम्प, हाय बीम लावला तर उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यात येतो. चालत्या गाडीला चारही इंडिकेटर लावायची फॅशन आहे ती चुकीची आहे, त्यानं मागच्याला आपण वळतोय का थांबलोय ते कळत नाही. दरडीचे दगड रस्त्यावर दिसले की वरनं आणखी येऊ शकतात, तिथं उतरून फोटो काढत बसू नये. फरशी पुलावरनं पाणी वाहत असेल तर थांबायचं किंवा मागं फिरायचं, फूटभर वाहतं पाणीही लहान कार उचलू शकतं.

हायवे, ऊस आणि रात्र

पुणे-बंगळूर हायवेला, म्हणजे आताच्या राष्ट्रीय महामार्ग ४८ ला, अंतर हाच मुख्य विषय आहे. ताशी ८० ला गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते, म्हणजे ब्रेकवर पाय जाईपर्यंतच वीस-तीस मीटर गेलेले असतात, आणि वेग दुप्पट केला तर ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं. खंबाटकीला पुण्याकडं जाताना जुन्या बोगद्यातनं बाहेर पडल्यावर उतार आणि एस आकाराचं वळण आहे, तिथं कितीतरी अपघात झालेत, बोगद्यातच वेग कमी करून बाहेर यायचं. ऊस सुरू झाला की, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पुढं, कराड, फलटण, कोरेगाव सगळीकडं रात्री ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात. दोन ट्रॉल्या जोडलेल्या, मागं लाइट नाही, रिफ्लेक्टर उसानं झाकलेला. समोरच्या गाडीच्या उजेडात डोळे दिपलेले असताना ही ट्रॉली दिसतच नाही, म्हणून आपल्या लाइटच्या टप्प्यात थांबता येईल एवढाच वेग ठेवायचा. साखर कारखाने आणि ट्रॅक्टर मालकांनी रिफ्लेक्टर लावायला पाहिजेतच, तो त्यांच्या उपकाराचा विषय नाही.

पट्टा

सीट बेल्ट मागच्या सीटलाही कायद्यानं सक्तीचा आहे, नसला तर १००० रुपये दंड. आपल्याकडं मागं आजी, काकू, लेकरं बसतात आणि पट्टा सीटखाली खोचलेला असतो. धडकेत मागचा माणूस पुढच्याच्या पाठीवर पूर्ण वेगानं आदळतो, म्हणजे पुढच्याचा पट्टाही मग पुरा पडत नाही. बाळाला मांडीवर घेऊन पुढं बसणं तर अजिबात नको, एअरबॅग ज्या जोरानं उघडते तो लहान मुलाला जीवघेणा असतो. मूल मागच्या सीटवर, चाइल्ड सीटमध्ये.

रस्त्यात बंद पडली तर

गाडी शक्य तितकी डावीकडं, पार्किंग लाइट म्हणजे चारही इंडिकेटर चालू, माणसं गाडीतनं उतरून रेलिंगच्या पलीकडं. गाडीच्या मागं निदान पन्नास मीटरवर त्रिकोण, हायवेला त्याहून लांब, वळण असेल तर वळणाच्या अलीकडं. दगड लावले असतील तर जाताना ते उचलून बाजूला टाकायचे, रात्री मागनं येणारी मोटरसायकल त्याच दगडावर जाते. राष्ट्रीय महामार्गाचा मदत क्रमांक १०३३, रुग्णवाहिकेला १०८, बाकी कशालाही ११२. जखमी माणसाला मदत केली म्हणून पोलीस किंवा दवाखाना तुम्हाला अडकवू शकत नाही, मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम १३४ अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं, स्वतःचं नाव सांगायची सक्तीही नाही.